तळवे पिवळे, डोळे पांढरे : एका बाळाचं प्रकरण

सव्वादहा महिन्यांची मुलगी आईच्या कडेवर, आजींच्या हातात पिशवी. पिशवीत दुपटं, पाण्याची बाटली आणि वहीच्या कागदावर लिहिलेला एक पत्ता. शेजारच्या गावात काविळीची माळ घालणाऱ्या माणसाचा. आजींनी खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकलं, "पोरगी पिवळी पडलीय मॅडम. सून म्हणाली म्हणून आधी इथं आलो, नाहीतर रिक्षा तिकडंच वळवणार होते मी."

पिवळी होतीच. नाकाचा शेंडा, नाकपुड्यांपासून ओठांकडे उतरणाऱ्या घड्या, तळहात, तळपाय. तळपाय तर कुणी हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे. पण माझ्या तपासणीच्या खोलीत ट्यूबलाइट आहे, आणि ट्यूबलाइटखाली कावीळ बघायची नाही हे आम्हाला शिकतानाच कानीकपाळी ओरडून सांगितलेलं असतं. बाळाला घेऊन गॅलरीत आले. फेब्रुवारीचं सकाळचं ऊन होतं. खालची पापणी हलकेच ओढली. डोळ्यातलं पांढरं ते पांढरंच, लहान मुलांचं असतं तसं किंचित निळसर.

निम्मं निदान गॅलरीतच झालं. काविळीत रक्तातलं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य वाढतं आणि त्याचा रंग सगळ्यात आधी डोळ्यांत दिसतो. तळपाय इतके पिवळे होईपर्यंत डोळे पांढरे राहिलेत, अशी कावीळ नसते. लघवीचा रंग विचारला. नेहमीसारखा, लंगोटावर डाग नाही. शी? आईनं जरा चाचरत सांगितलं, "केशरी होते मॅडम. गाजराचे तुकडे पण दिसतात कधी कधी." पोट तपासलं. यकृत वाढलेलं नाही, प्लीहा लागत नाही. ताप नाही, उलटी नाही. बाळ माझ्या स्टेथोस्कोपची नळी चघळत होतं.

आता हळदीचा संशय. आमच्याकडे बाळाच्या अंगाला डाळीचं पीठ आणि हळद लावायची पद्धत अजून आहे, आणि पिवळ्या बाळांमधली काही निव्वळ हळदीची निघतात. स्पिरिटचा बोळा घेऊन तळहात घासला. हळद असती तर ती स्पिरिटमध्ये सुटून कापूस पिवळा झाला असता. कापूस पांढरा राहिला. रंग कातडीवर नव्हता, कातडीत होता.

मग मी विचारलं ते खरं तर पहिल्यांदा विचारायला हवं होतं : काय काय खाते?

आईनं मोबाइल काढला. तिनं बाळाच्या जेवणाची नोंद ठेवली होती, फोटोंसकट. सकाळी गाजर वाफवून मिक्सरमधून काढलेलं, वर साजूक तूप. दुपारी लाल भोपळा, त्यात दोन चमचे मऊ भात. चार वाजता पपई. रात्री परत गाजर, कधी भोपळा. आणि अंगावरचं दूध. साडेसात महिन्यांची असल्यापासून हे चाललेलं, म्हणजे जवळजवळ बारा आठवडे. मधे डाळीचं पाणी सुरू केलं होतं, पण बाळ ते थुंकायचं आणि गाजर मिटक्या मारत खायचं. गोड असतं ना. आई थकलेली, आवडतंय तर देऊ या, शिवाय गाजर डोळ्यांना चांगलं हे तर सगळेच सांगतात. आजोबांना मोतीबिंदू झालेला, तेव्हापासून घरात डोळ्यांची धास्ती.

टेबलावरची स्टीलची वाटी पुढं करून मी विचारलं, किती? आईनं बोटानं खूण दाखवली. हिशेब केला तर दिवसाला दीडशे ग्रॅमच्या आसपास गाजर आणि शंभर ग्रॅम भोपळा, पपई वेगळी. पावणेआठ किलोच्या जिवाला.

"आणि उरलेलं?" मी विचारलं.

"मीच संपवते, टाकवत नाही."

तिचे हात उन्हात धरून पाहिले. तिचेही तळवे हलकेसे पिवळे होते. आजी आता माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की घरात साथच आलीय.

गाईचं तूप, म्हशीचं तूप

या स्थितीला कॅरोटिनेमिया म्हणतात. रक्तात कॅरोटीन, म्हणजे गाजराला रंग देणारं द्रव्य, वाढणं, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेत हेस आणि मायर्स या दोघांनी १९१९ साली त्याचं वर्णन छापलं, तेही भाज्या भरवलेल्या लहान मुलांवरूनच. पण हे नाव आजींना सांगून उपयोग नव्हता. मी विचारलं, "आजी, गाईचं तूप पिवळं आणि म्हशीचं पांढरं का असतं?"

"गाईचं असतंच पिवळं," आजी म्हणाल्या. एवढ्या उघड गोष्टीला कारण कसलं विचारायचं, असा सूर.

पण कारण आहे, आणि या बाळाचं सगळं प्रकरण त्यात बसतं. गाय आणि म्हैस एकाच गव्हाणीतला हिरवा चारा खातात. चाऱ्यात बीटा-कॅरोटीन असतं, नारंगी रंगाचं. पानाच्या हिरव्यापुढं ते दिसत नाही एवढंच. म्हैस त्यातलं जवळजवळ सगळं अ जीवनसत्त्वात बदलते, आणि अ जीवनसत्त्वाला असा रंग नसतो. म्हणून तूप पांढरं. गाय थोडं बदलते आणि बरंचसं कॅरोटीन तसंच दुधातल्या चरबीत सोडते. म्हणून तूप पिवळं. १९३० मध्ये केंब्रिजला टॉमस मूर यांनी उंदरांना कॅरोटीन खाऊ घालून त्यांच्या यकृतात हेच रंगहीन अ जीवनसत्त्व दाखवलं, तोवर पिवळा पदार्थ आणि बिनरंगाचं जीवनसत्त्व यांचं नातं काय, यावर शास्त्रज्ञ वाद घालत होते. उत्तर गोठ्यात होतं म्हणायला हरकत नाही.

माणूस या बाबतीत गाईच्या बाजूला. ऑपरेशनच्या टेबलावर माणसाची चरबी पिवळी दिसते ती याचमुळे. बाळंतपणानंतरचा चीक पिवळा असतो त्यातही कॅरोटीनचा वाटा आहे. आतड्याच्या अस्तरात एक एन्झाइम बीटा-कॅरोटीनचा रेणू मधोमध कापून त्याचं अ जीवनसत्त्व करतं. शरीरात अ पुरेसं झालं की हे काम मंदावतं. उरलेलं कॅरोटीन चरबीत विरघळून रक्तातून फिरत राहतं आणि घाम व त्वचेच्या तेलाबरोबर बाहेर पडताना कातडीच्या वरच्या, मेलेल्या थरात अडकतं. तो थर तळहात-तळपायांना जाड, म्हणून रंग तिथं गडद. नाकाच्या शेंड्यावर तेलग्रंथी खूप, म्हणून तो पिवळा. बुबुळाभोवतीच्या पांढऱ्यावर असा थर नाही, तिथं रंग साठायला जागाच नाही.

"म्हणजे आमची नात गाय," आजी म्हणाल्या. पहिल्यांदाच जरा हसल्या.

आकडे एकदा मांडून टाकते. नारंगी गाजराच्या शंभर ग्रॅममध्ये अमेरिकी आहारतक्त्यांप्रमाणे सुमारे ८ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असतं, भोपळ्यात ३ च्या आसपास. अन्नातल्या १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीनमधून साधारण १ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व मिळतं असं धरतात. या बाळाला गाजर-भोपळ्यातून रोज पंधराएक मिलिग्रॅम मिळत होतं, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या हिशेबात बाराशे मायक्रोग्रॅमच्या पुढे. या वयाची गरज पाचशेच्या आत. त्यातही शिजवून मिक्सरमधून काढलं की गाजराच्या पेशी फुटतात आणि कॅरोटीन मोकळं होतं, कच्च्या गाजराच्या कोशिंबिरीतून ते एवढं मिळत नाही. वर तूप. चरबीशिवाय कॅरोटीन आतड्यातून नीट आत जात नाही, तुपानं ती अडचणही सोडवली. तूप आजींच्या आग्रहाचं होतं, हे मी त्या वेळी बोलले नाही.

सगळं नारंगी सारखं नसतं, हेही आईला सांगावं लागलं, कारण ती गाजर बंद करून संत्र्याचा रस सुरू करायच्या विचारात होती. निसर्गात कॅरोटिनॉइडं, म्हणजे कॅरोटीनच्या कुळातली रंगद्रव्यं, सहाशेच्या वर आहेत आणि त्यातली थोडीच अ जीवनसत्त्व होतात. गाजरात बीटा आणि अल्फा-कॅरोटीन. संत्र्यात आणि पपईत बीटा-क्रिप्टोझँथिन जास्त, त्याचंही अ होतं, पण निम्म्या दरानं. थंडीत येणाऱ्या आपल्या लाल गाजरात, टोमॅटोत, कलिंगडात लायकोपीन. त्याचं अ अजिबात होत नाही. आणि पालक, शेपू, अळू, शेवग्याचा पाला यांत बीटा-कॅरोटीन भरपूर. रंगावर जाऊन खरेदी करणाऱ्याला ते कळत नाही. रातांधळेपणा टाळायला मेथीची जुडी संत्र्याला भारी पडते. गाजर खाऊन चष्मा मात्र जात नाही. अ जीवनसत्त्व कमी असेल तर अंधुक उजेडात दिसणं सुधारतं, बास. मोतीबिंदूशी आणि चष्म्याच्या नंबराशी त्याची सांगड कुणी घातली कोण जाणे.

नववा महिना, एक लाख युनिट

आईला दुसरीच टोचणी लागली होती. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर अंगणवाडीत अ जीवनसत्त्वाचा डोस पाजला होता, त्यानं तर असं झालं नाही ना? आणि मग पुढचा डोस चुकवायचा का?

दोन्हीचं उत्तर नाही. सरकारी कार्यक्रमात नऊ महिन्यांना १ लाख युनिटचा डोस देतात, सोळा ते अठरा महिन्यांना २ लाखांचा, आणि पुढं दर सहा महिन्यांनी तेवढाच, पाच वर्षांचं होईपर्यंत. हे तयार अ जीवनसत्त्व. त्यानं कातडी पिवळी होत नाही. उलट धोका असतो तो याच तयार रूपाचा : वारेमाप दिलं तर उलट्या, डोक्यात दाब वाढून टाळू फुगणं, यकृताला इजा. पांढऱ्या अस्वलाचं यकृत खाऊन ध्रुवाकडं गेलेली माणसं आजारी पडली ती त्यातल्या याच साठ्यामुळे. ठरलेल्या वेळापत्रकानं दिलेला डोस सुरक्षित आहे. आणि गाजरातून कितीही कॅरोटीन गेलं तरी अ जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही, कारण ते बदलायचं की नाही हे शरीराच्या हातात राहतं. पिवळे तळवे ही त्या राखलेल्या हाताचीच खूण.

मग इथं प्रकरण संपायला हवं होतं. "काही नाही, गाजर कमी करा, या." अशी कितीतरी बाळं मी घरी पाठवली आहेत, आणि आता वाटतं, त्यांतल्या काहींना घाईनं पाठवलं.

आडवी रेघ

नर्सनं वजन केलं होतं, ७.७ किलो. लसीच्या कार्डावर नऊ महिन्यांचं वजन ७.६. सव्वा महिन्यात शंभर ग्रॅम. आकडा एकटा पाहिला तर कुणी दचकणार नाही, पण वाढीच्या तक्त्यावर ठिपका दिला तेव्हा इतके दिवस वर चढत आलेली रेघ आडवी पडलेली दिसली. बाळाच्या पापणीच्या आतली बाजू पुन्हा पाहिली. मघाशी मी पिवळं शोधत होते, त्यामुळे फिकट गुलाबी असलेलं नजरेतून सुटलं होतं.

शंभर ग्रॅम शिजवलेल्या गाजरात चाळीसच्या आतबाहेर कॅलरी. बाकी बहुतेक पाणी आणि चोथा. बाळाचं पोट केवढं, त्याच्या मुठीएवढं. ते दिवसातून चारदा गाजर-भोपळा-पपईनं भरत होतं आणि डाळ, अंडं, नाचणी यांना जागा उरत नव्हती. सहा महिन्यांनंतर अंगावरच्या दुधातलं लोह पुरत नाही. ते वरच्या खाण्यातून यायला हवं, आणि गाजरात लोह नावापुरतं. पिवळा रंग निरुपद्रवी, यात शंका नाही. पण तो एवढा चढला याचा अर्थ ताटात दुसरं काही नव्हतं, आणि आजार काही असेल तर तो तिथं होता.

रक्त घ्यायचं ठरवलं. एकाच टोचणीत हिमोग्लोबिन, बिलिरुबिन आणि थायरॉइड. थायरॉइड अशासाठी, की ते मंद असलं की कॅरोटीनचं अ होणंही मंदावतं, बाळ पिवळं दिसतं आणि वाढ खुंटते. आडवी रेघ आणि पिवळे तळवे एकत्र दिसल्यावर ते न बघणं मला जमलं नसतं. मधुमेहात, मूत्रपिंडाच्या काही आजारांतही कॅरोटीन चढतं, पण लघवीची साधी तपासणी ठीक होती. कॅरोटीनची पातळी मोजायला रक्त मोठ्या शहरात पाठवावं लागतं. मी पाठवलं नाही, आहाराची नोंद समोर असताना त्या आकड्यानं उपचारात काहीच बदललं नसतं. बिलिरुबिनची मात्र मला गरज नव्हती. ते आजींसाठी केलं. पिशवीतला पत्ता मी विसरले नव्हते.

माळेत औषध नसतं. ताज्या काड्यांचे तुकडे सैल गाठींत ओवलेले असतात. काड्या वाळून आक्रसतात, गाठी सरकतात, माळ लांबत जाते आणि लोक म्हणतात कावीळ उतरली. या बाळाला माळेनं काही झालं नसतं. पण तिकडं नाकात थेंब सोडणारेही असतात, आणि दहा महिन्यांच्या बाळाच्या नाकात कसलातरी रस ही कल्पनाच मला सहन होत नाही.

संध्याकाळी रिपोर्ट आले. बिलिरुबिन ०.४, अगदी सामान्य. थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन ९.२. या वयात साडेदहा-अकराच्या खाली म्हणजे रक्त कमी.

लोहाचे थेंब लिहून दिले, वजनाला किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या हिशेबानं. गाजर-भोपळा बंद करायला सांगितलं नाही. बंद म्हटलं की घरं दुसऱ्या टोकाला जातात, मग वर्षभर मूल भोपळ्याचं तोंड बघत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, दोन चमचे, तेही डाळभातात कुस्करून. डाळीचं पाणी नको, डाळ. अंडं चालतं का विचारलं तर आजींनी आईकडं पाहिलं, आई म्हणाली, "आई, तुम्ही नाही म्हणू नका आता." चाललं. नाचणीचं सत्त्व, त्यात तूप. तूप तेच ठेवलं.

वडिलांची बाटली

सहा आठवड्यांनी आले तेव्हा वडीलही सोबत. नाकाचा शेंडा बराच उजळलेला, तळहात फिकट, तळपाय अजून पिवळे. जाड कातडी झडून नवी यायला वेळ लागतो, रंग तिथून शेवटी जातो. वजन ८.१. रेघ पुन्हा वर वळली होती.

वडिलांनी खिशातून प्लास्टिकची एक बाटली काढून टेबलावर ठेवली. कुणा ओळखीच्यानं विकलेल्या कॅप्सूल, लेबलवर इतर बऱ्याच नावांबरोबर बीटा-कॅरोटीन. "मुलीला जास्त झालं ना मॅडम, मग हे मी घेऊ का नको? फुप्फुसाला चांगलं म्हणून दिलंय." शर्टाच्या दुसऱ्या खिशात सिगारेटचं पाकीट दिसत होतं.

मला बाळाचं सोडून यांच्यावर जास्त वेळ घालवावा लागला. एकेकाळी ही कल्पना वेडगळ नव्हती. ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी, असं पाहणीमागून पाहणीत दिसत होतं. तेव्हा फिनलंडमध्ये १९८५ पासून पन्नास ते एकोणसत्तर वयाचे २९,१३३ सिगारेट ओढणारे पुरुष निवडले, काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं, काहींना नाही. पाच ते आठ वर्षं. १९९४ मध्ये निकाल छापला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेत असाच दुसरा प्रयोग चालू होता, सिगारेट ओढणारे, पूर्वी ओढणारे आणि अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले मिळून १८,३१४ लोक, ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आणि सोबत अ जीवनसत्त्व. तिथं फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्के आणि मृत्यू १७ टक्के जास्त दिसले. जानेवारी १९९६ मध्ये ठरल्या वेळेच्या एकवीस महिने आधीच तो थांबवला.

कारण पूर्ण उलगडलेलं नसलं तरी धुरानं भरलेल्या फुप्फुसात एवढ्या मात्रेचं कॅरोटीन स्वतःच तुटतं आणि ते तुकडे पेशींना त्रास देतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. भाजीतून एवढं एकटं कॅरोटीन रोज, वर्षानुवर्षं जात नाही. ते बाकी पन्नास गोष्टींबरोबर जातं. आणि रक्तात ते जास्त असणारी माणसं मुळात भाजीपाला खाणारी, त्यांच्यात सिगारेट कमी ओढणारे जास्त. पाहणीत कॅरोटीन दिसलं, कारण ते मोजता येत होतं. त्याच्या मुलीचे तळवे पिवळे दिसले तेही असंच, रंग दिसत होता म्हणून. रक्त कमी होतं ते त्यामागं झाकलेलं.

हे मी त्याला इतक्या शब्दांत सांगितलं नाही. म्हटलं, "मुलगी गाजर खाऊन पिवळी झाली, तिला धोका नव्हता. तुम्हाला या गोळीनं आहे. सिगारेट ओढता तोवर तर नक्कीच." त्यानं बाटली उचलली नाही. ती अजून माझ्या खणात आहे. पाकीट मात्र खिशातच परत गेलं.

मेच्या शेवटी तिसरी खेप. मुलगी तेरा महिने उलटलेली, वजन ८.६, हिमोग्लोबिन १०.९. तळपाय उन्हात धरून पाहिले. टाचेच्या कडेला अगदी पुसट पिवळसर छटा, शोधली म्हणून सापडली. आजींनी डबा आणला होता, बाळाची जेवायची वेळ झालीय म्हणून तिथंच उघडला. मुगाची डाळ, भात, अर्ध्या अंड्याचे तुकडे आणि कडेला भोपळ्याची एकच फोड. मुलीनं डब्यात हात घातला, भाताकडं बघितलंही नाही, आणि ती फोड उचलून तोंडात टाकली.